बिल्ला तेवढा काढ

सोमवारी सकाळी अकरा वाजता मीनाक्षी खासनीसला डेंटिस्टकडे जायचं असायचं. म्हणजे तिच्या ऑफिसच्या कॅलेंडरवर तसं लिहिलेलं होतं. गेले नऊ महिने, दर सोमवारी, न चुकता. आता एका बाईच्या तोंडात दात असून असून किती असणार? पण अमेरिकेतली माणसं सभ्य. टीममधल्या एकानेही कधी विचारलं नाही, की बाई गं, चाललंय तरी काय तुझ्या हिरड्यांचं?

बाई जायची कुठेच नाही. टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, मिसळणाच्या डब्याला फोन टेकवून बसायची आणि अकराच्या ठोक्याला मिशिगनहून कुशचा व्हिडिओ कॉल यायचा. कुश तिचा एकुलता एक मुलगा. वय वर्षं एकोणीस. आणि तो मॉर्मन मिशनरी होता.

बघा, मी हे कसं दोन शब्दांत सांगून मोकळी झाले. मीनाक्षीला नऊ महिन्यांत ते एकदाही जमलं नव्हतं. ना ऑफिसात, ना पुण्यातल्या बहिणीपाशी, ना इथल्या मराठी मंडळात.

झालं होतं असं, की अकरावीत असताना कुश एका वर्गमित्राच्या घरी जेवायला जाऊ लागला. आठ माणसांचं मॉर्मन कुटुंब, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्याच एका कडक पंथाचं, जेवणाआधी हात जोडून प्रार्थना करणारं. दारू नाही, सिगरेट नाही, अहो, चहा-कॉफीसुद्धा नाही. मीनाक्षी तेव्हा काय खूश होती! यापेक्षा सज्जन मित्र कुठे मिळायचे, म्हणून तिने त्यांच्याकडे डबे भरभरून पुरणपोळ्या पाठवल्या. पोरगं अठरा वर्षांचं झालं आणि एका रविवारी घरी येऊन म्हणालं, "आई, बाबा, माझा बाप्तिस्मा झाला." वर्षभर कॉलेज केलं, मग ते थांबवलं, आणि दोन वर्षं धर्मप्रचाराला जातो म्हणून फॉर्म भरला. चर्चने त्याला डेट्रॉइटच्या बाजूला धाडलं.

प्रल्हादने, म्हणजे कुशच्या बाबांनी, तीन आठवडे तोंडाला कुलूप लावलं. मग बोलला ते एवढंच, "हे मंडळात कळता कामा नये." चर्चने दिलेला काळा बिल्ला छातीवर लावून कुशने पहिला फोटो पाठवला, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं 'एल्डर खासनीस'. सगळ्या मुलग्यांना तिथे एल्डरच म्हणतात, ही त्यांची पद्धत. प्रल्हादने तो फोटो लांब धरून बघितला. "एल्डर! मिसरूड फुटलं नाही धड, आणि म्हणे एल्डर. मला पन्नाशीला आलो तरी कुणी वडीलधारा म्हणत नाही." त्यानंतर सोमवारी अकरा वाजले, की तो गॅरेजमध्ये काहीतरी आवरायला जायचा. नऊ महिन्यांत इतकं आवरलेलं गॅरेज साऱ्या टेक्सासमध्ये नसेल.

मीनाक्षीचं दुःख वेगळं होतं. तिला पोराचा राग येत नव्हता. तिला वाटायचं, आपल्या घरात असं काय कमी पडलं, की याला दुसऱ्याच्या जेवणाच्या टेबलावर देव सापडला? आणि लाज वाटायची. हो, वाटायची, खोटं कशाला बोलू? इतरांची मुलं मेडिकलला, इंजिनियरिंगला, आणि आपला मुलगा लोकांच्या दारावर टकटक करत हिंडतो. लोक तोंडावर दार लावतात. ज्याला तिने कधी कुणाला उलट बोलू दिलं नाही, त्याच्या तोंडावर.

पण तिने त्याला शब्द दिला होता. निघायच्या दिवशी सकाळी ती त्याचे पांढरे शर्ट इस्त्री करत होती. तो शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, तुला पटलं नाही तरी चालेल. रिअली. फक्त मला लपवू नकोस. कुणी विचारलं तर सांग. तुला माझी शरम वाटते, असं मला नाही वाटायला पाहिजे."

"वेडा आहेस का? शरम कसली?"

"प्रॉमिस?"

"हो रे राजा. प्रॉमिस."

आणि तो शब्द तिने गणपतीपर्यंत पाळला. कारण तोपर्यंत तिला कुणी विचारलंच नव्हतं.

गणपतीला मंडळात कुणीतरी सहज म्हणालं, "काय, यंदा कुश नाही दिसला ढोल वाजवायला?" मीनाक्षीने तोंड उघडलं, तेवढ्यात प्रल्हाद म्हणाला, "तो मिशिगनला आहे. को-ऑप करतोय." को-ऑप म्हणजे कॉलेजातून सहा-आठ महिने कंपनीत कामाला जातात ते. लोकांच्या भुवया कौतुकाने वर गेल्या. "अरे वा! कुठल्या कंपनीत?" आणि इथे मीनाक्षीने काय केलं? गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण बाईच्या जिभेला कुठून एवढी पालवी फुटली देव जाणे. "गाड्यांच्या," ती म्हणाली. "सेफ्टीमध्ये आहे. थंडी फार म्हणतो बाई तिकडे." हसलीसुद्धा. थंडीचं तेवढं खरं होतं.

नंतर ते को-ऑप वाढतच गेलं. त्याला एक चांगला मॅनेजर मिळाला. एक रूममेट मिळाला. तो रूममेट म्हणजे कुशचा जोडीदार एल्डर टकर, कारण मिशनरी कायम दोघादोघांनी राहतात. को-ऑप डिसेंबरात संपायचं होतं, ते जानेवारीपर्यंत वाढवून मिळालं. दर सोमवारी अकरा वाजता मात्र फोनमध्ये टी-शर्ट घातलेला कुश यायचा. सोमवार त्यांचा कपडे धुण्याचा, घर साफ करण्याचा आणि घरी फोन करण्याचा दिवस. त्या दिवशी टाय नाही, बिल्ला नाही. सोमवारचा कुश तिला आपला जुना कुशच वाटायचा. मागे टकर मोज्यांच्या जोड्या लावत बसलेला असायचा आणि हात हलवून "हाय, सिस्टर खासनीस" म्हणायचा.

आता दिवाळी आली, आणि दिवाळीने सगळं गळ्याशी आणलं.

राधिका ही मीनाक्षीची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. तिची सावनी आणि कुश एका शाळेत होते. तिचा फोन आला गुरुवारी. "अगं, संजय पुढच्या आठवड्यात डेट्रॉइटला चाललाय, क्लायंटकडे. कुशचा फराळ दे, तो नेईल."

मीनाक्षी घाईने म्हणाली, "अगं नको, त्याला कशाला त्रास?"

"त्रास कसला? रिकामी बॅग तर घेऊन जातो. दिवाळीत पोराला घरचं नको का खायला?"

"मी कुरिअर करणारच होते."

"कुरिअरने चकलीचा भुगा होतो. ते काही नाही. संजय स्वतः देईल त्याच्या हातात. बुधवारी संध्याकाळी तो डेट्रॉइटजवळ ट्रॉयला आहे, हॉटेलचा पत्ता मी पाठवते."

आता सांगा, आपल्या माणसांत या गोष्टीला नकार कसा द्यायचा? कुणी विमानाने निघालं आणि त्याच्याबरोबर फराळ पाठवला नाही, तर आईच्याच मायेवर शंका घेतील लोक. पैसे नको म्हणता येतात, मदत नको म्हणता येते, फराळाला नको म्हणायची सोय मराठीत नाही. मीनाक्षी "बरं" म्हणाली. मग दोन दिवस चकल्या तळत होती आणि प्रत्येक घाण्याला तिचा जीव खाली-वर होत होता.

"कुश आजारी आहे म्हणून सांग," प्रल्हादने सुचवलं.

"मग संजय सूप घेऊन जाईल. ओळखत नाहीस का त्याला?"

"गावाला गेलाय सांग."

"दिवाळीत? कुठल्या गावाला?"

प्रल्हाद एक चकली उचलून गॅरेजकडे निघाला. दारात थांबून म्हणाला, "त्याला सांग ना, एक दिवस साधे कपडे घालून भेट म्हणावं. काय बिघडतं?"

वाईट विचार कुणाच्या डोक्यातून निघाला, ते महत्त्वाचं नाही. तो कुणी उचलला, ते महत्त्वाचं. मीनाक्षीने तो उचलला, चांगला चार वेळा घोळवला, आणि सोमवारी अकरा वाजता डब्याला फोन टेकवला.

कुश खुशीत होता. लाँड्रोमॅटमध्ये बसला होता, मागे कपडे धुण्याचं मशीन घरघरत होतं. एका म्हाताऱ्या आजोबांचं अंगण त्याने आणि टकरने साफ करून दिलं होतं, त्याची गोष्ट सांगत होता. तिने ती पुरी ऐकून घेतली. मग म्हणाली, "बुधवारी संजयकाका येणारेत तिकडे. फराळ पाठवतेय तुझा."

"ओ नाइस! चकली?"

"चकली, चिवडा, बेसनाचे लाडू. सहा वाजता त्यांच्या हॉटेलवर जाशील का? लॉबीत भेटतील."

"शुअर. आम्ही येऊ."

"आम्ही नको. तू एकटा जा."

"आई, आम्ही एकटे जात नाही. यू नो दॅट. रूल आहे."

"मग त्याला गाडीत बसव दहा मिनिटं." टकरला मराठी कळत नव्हतं, तरी तिचा आवाज आपोआप खाली आला. "आणि हे बघ... तो बिल्ला तेवढा काढ. दहा मिनिटं फक्त. टायपण काढ. वर जॅकेट घाल साधं."

कुशने हातातली कपड्यांची घडी खाली ठेवली.

"का?" कुशने विचारलं.

"अरे, तसं काही नाही..."

"आई. का?"

मग तिने सांगितलं. को-ऑप, गाड्यांची सेफ्टी, मॅनेजर, सगळं. सांगताना हसण्याचा प्रयत्न केला, जणू काही गंमतच झाली होती. "बाबा पटकन बोलून गेले रे, मग मला मागे फिरता येईना. तू जानेवारीपर्यंत... म्हणजे मी सांगणारच आहे सगळ्यांना. आत्ता फक्त दिवाळीत कुणासमोर शोभा नको. एवढं कर माझ्यासाठी."

कुश फोनकडे बघत नव्हता. बाजूला कुठेतरी बघत होता. लहानपणी गुडघा फुटल्यावर तो रडायचा नाही, असंच बाजूला बघत राहायचा. मीनाक्षीला ते आठवलं, आणि तरीसुद्धा ती "आता राहू दे" म्हणाली नाही. तिला म्हणता आलं असतं. तीन शब्दांचं काम होतं. ती त्याच्या उत्तराची वाट बघत राहिली.

"ओके," तो म्हणाला.

"खरंच?"

"हो आई. ओके."

हुश्श! तिने सुटकेचा श्वास सोडला, फोन ठेवला आणि लाडू वळायला घेतले. मला तर वाटलं, तिच्या हातातलं ते बेसनाचं पातेलं हिसकावून घ्यावं. पण असो. माणूस घाबरला की त्याला समोरचं दिसत नाही, एवढंच खरं.

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला संजयचा मेसेज आला. 'फराळ पोचला. मुलगा छान आहे.' सोबत फोटो. लॉबीतल्या सोफ्यावर संजय आणि कुश, मधे स्टीलचा डबा. कुशच्या अंगावर निळं जॅकेट, गळ्यापर्यंत चेन ओढलेली. मीनाक्षीने फोटो मोठा करून छातीपाशी बघितलं. काही नव्हतं. तिने प्रल्हादला दाखवला. तोही बराच वेळ बघत राहिला. "बारीक झालाय," म्हणाला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्याने मुलाबद्दल मायेनं काही म्हटलं होतं.

शनिवारी दुपारी एका शाळेच्या कॅफेटेरियात मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. मीनाक्षी आणि राधिका मागच्या बाजूला कागदी बशांमध्ये फराळ भरत होत्या. मीनाक्षीला आज फार मोकळं वाटत होतं. आठवडा निभावला होता. ती मुद्दामच म्हणाली, "संजयला थँक्स सांग गं. कुश म्हणत होता, काका भेटले, फार बरं वाटलं." कुश तसं काही म्हणाला नव्हता. सोमवारनंतर तो तिच्याशी बोललाच नव्हता.

"अगं, गोड मुलगा आहे तुझा," राधिका म्हणाली. "संजय तर येऊन दोन दिवस त्याचंच बोलतोय. म्हणाला, लॉबीत आलं पोर आणि थरथर कापत होतं, थंडी म्हणावं तर आत हीटर. 'काम छान चाललंय काका,' असं म्हणायला लागलं आणि संजयला बघवेना. शेवटी म्हणाला, अरे बाबा, सावनीने आम्हाला मार्चमध्येच तुझा फोटो दाखवलाय, बिल्ल्यावाला. आम्हाला सगळं माहीत आहे, कशाला एवढा..."

राधिकाचा हात चिवड्यात तसाच राहिला. जीभ चावणं म्हणजे काय ते मीनाक्षीने त्या दिवशी प्रत्यक्ष बघितलं.

"मार्चमध्ये?" मीनाक्षी म्हणाली.

"मीनाक्षी, अगं..."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना नाही गं. म्हणजे... मुलं एकमेकांचं सगळं बघतातच ना. बऱ्याच जणांना." राधिकाने हात पुसले. "तुम्ही काही बोलत नव्हता, मग आम्हीपण नाही बोललो. तुमचं मन का दुखवा? मला वाटलं, फराळाच्या निमित्ताने तरी तू सांगशील. मला तरी सांगशील."

बाहेर माइकवर कुणीतरी लहान मुलांना रांगेत उभं करत होतं. गणपतीपासून जी जी माणसं को-ऑपची चौकशी करत होती, ती सगळी एकेक करून मीनाक्षीच्या डोळ्यांसमोर आली. "मॅनेजर कसा आहे गं कुशचा?" असं विचारणारी, माना डोलावणारी, माहीत असून तिच्या खोट्याला हात देणारी. चांगुलपणाने, बरं का. त्यातल्या एकानेही वाईट विचार केला नव्हता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग कुश काय म्हणाला संजयला?" तिने विचारलं.

राधिका सांगेना. मीनाक्षीने तिचा दंड धरला तेव्हा बोलली. "म्हणाला, काका, आईला कळू देऊ नका की तुम्हाला माहीत आहे. तिला फार वाईट वाटेल. आणि संजय म्हणे, बाहेर गाडीत तो दुसरा उंच मुलगा बसला होता, गळ्यात टाय, छातीवर बिल्ला. संजय म्हणाला, अरे त्यालाही बोलाव, लाडू देऊ. तर कुश नको म्हणाला."

मीनाक्षी बशा तिथेच टाकून घरी आली. प्रल्हादला सगळं सांगितलं. तो सोफ्यावर बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग आपण हे सगळं कुणासाठी केलं?"



रविवार तिने कसा काढला, ते तिचं तिला ठाऊक. सोमवारी साडेदहापासून ती टेबलाशी बसून होती. काय काय बोलायचं, ते मनात जुळवून ठेवलं होतं. चुकलं माझं. मी आजच सगळ्यांना सांगते. तू परत तसं कधी करू नकोस. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. अकरा वीसला फोन वाजला.

व्हिडिओ नव्हता. नुसता आवाज.

"हाय आई."

"कुश, मला सगळं कळलंय. राधिकाने सांगितलं. संजयकाकांना माहीत होतं रे, सगळ्यांना..."

"आय नो."

"माझं चुकलं. मी तुला असं सांगायलाच नको होतं. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय." त्याचा आवाज शांत होता, आणि तिला तेच नको होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आई, संजयकाकांशी मी खोटं बोललोच नाही, ॲक्चुअली. त्यांना माहीतच होतं. खोटं मी टकरशी बोललो. त्याला सांगितलं, काकांची तब्येत बरी नाही, त्यांना अनोळखी माणूस नको, तू गाडीत थांब. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. काकांसाठी प्रार्थना केली त्याने, गाडीत बसून. मी परत आलो तर विचारतो, आता बरे आहेत का?"

मीनाक्षीला रडू फुटलं. तिने तोंडावर हात दाबून धरला.

"मग मी त्याला खरं सांगितलं. आणि इथले आमचे हेड आहेत, मिशन प्रेसिडेंट, त्यांना पण सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मला काय सांगायचं ते कळेना. आई, लोक दार लावतात ना तोंडावर, मला काही वाटत नाही. दे डोन्ट नो मी. पण तू ओळखतेस मला."

"कुश, राजा, मी आजच..."

"मला बोलू दे, प्लीज. मी काही दिवस फोन नाही करणार. सोमवारी तुझ्याशी बोललो की मला असं वाटतं, की मी अजून जॅकेट घालूनच बसलोय. मला काम करता येत नाही मग." तो थांबला. "मी दर आठवड्याला सगळ्यांना पत्र लिहितो ना, ईमेल, त्यात तुझं नाव घालतो. पूर्वी तू नको म्हणाली होतीस. त्यातून कळेल तुला मी कसा आहे ते."

"किती दिवस?"

"आय डोन्ट नो, आई." मग म्हणाला, "लाडू छान होते. टकरने सगळे संपवले."

फोन बंद झाला. गॅरेजचं दार उघडून प्रल्हाद आत आला होता. आज तो काही आवरत नव्हता वाटतं, दाराआडच उभा होता. "माझ्याशी नाही बोलला?" असं त्याने विचारलं, आणि विचारल्यावर आपण काय विचारलं ते त्याचं त्यालाच कळलं. तो खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला.

त्याच दिवशी मीनाक्षीने पुण्याला बहिणीला फोन करून सांगितलं. बहीण आधी रडली, मग ओरडली, मग फोन ठेवून दिला. ऑफिसात मॅनेजरला सांगितलं, तर तो म्हणाला, "ओ, दॅट्स ग्रेट, माझी सासूपण मॉर्मन आहे." बोलायला इतकं सोपं होतं ते! तिला वाटलं, याच्यापुढे आपण नऊ महिने थरथरत होतो. पण ज्याने हे मागितलं होतं तो ऐकायला नव्हता, आणि जाहीर सभा घेऊन सांगितलं असतं तरी त्या बुधवारची दहा मिनिटं काही परत येणार नव्हती.

पुढच्या सोमवारी अकरा वाजता ईमेल आली.

सुरुवात होती, 'डिअर फॅमिली अँड फ्रेंड्स.' मीनाक्षीने वाचली. तिकडे पहिला बर्फ पडला होता. आजोबांचं साफ केलेलं अंगण आता बर्फाखाली गेलं होतं. टकर सायकलवरून पडला, लागलं नाही. एका कुटुंबाने त्यांना घरात घेऊन तासभर गप्पा मारल्या. या आठवड्यात मी प्रामाणिकपणाबद्दल बरंच शिकलो, असं एक वाक्य होतं आणि त्यापुढे काहीच नव्हतं. शेवटी 'लव्ह, एल्डर खासनीस'. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचली. आई हा शब्द कुठे आहे का ते बघत तिसऱ्यांदा वाचली. पत्र छान होतं. चौसष्ट जणांना गेलं होतं. तिने नावं वाचायला सुरुवात केली. त्या मित्राच्या घरातली आठही माणसं होती, शाळेतले दोन शिक्षक होते, आणि तिच्या नावाच्या बरोबर खाली संजय आणि राधिका होती.

पाच मिनिटांत राधिकाचा फोन आला. बिचारी त्या शनिवारपासून अपराधी होऊन बसली होती, काहीतरी चांगलं बोलायला निमित्तच शोधत होती.

"अगं, आम्हालाही आलं कुशचं पत्र! काय सुंदर लिहितो गं. सायकलचं वाचून संजय तर हसतोय नुसता. आणि आम्हाला एवढं लिहितो, म्हणजे तुला तर काय, पानंच्या पानं येत असतील. तुला वेगळं काय काय लिहितो गं?"

उत्तर मीनाक्षीच्या जिभेवर तयार होतं. मला रोज लिहितो गं, अगदी जेवणात काय होतं तेसुद्धा. किती सोपं होतं. राधिकाला बरं वाटलं असतं, तिलाही घटकाभर बरं वाटलं असतं.

"काही नाही गं," मीनाक्षी म्हणाली. "तुला आलंय, तेच मला आलंय."